नात्याचा रकाना

दहा थडगी शोधून त्यांची नोंद करायला मला चार शनिवार लागले. धाकट्याच्या मते ते एका सकाळचं काम होतं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो विमानाने चौदा तासांवर राहतो आणि तिथून मला कामं सांगतो. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या ज्या थडग्यांवर नातेवाइकाची नोंद नाही, ती महिनाअखेरीस सपाट करून जागा दुसऱ्यांना देणार, अशी दफनभूमीच्या कचेरीची नोटीस आली, तेव्हा त्याने मला एक देखणा तक्ता पाठवला. विभाग, रांग, क्रमांक, नाव, साल, नातं, फोटो. रकाने आखायचं काम त्याचं, भरायचं माझं. आमच्या घरात कामाची वाटणी नेहमी अशीच होते.

माझं वय अठ्ठावन्न, गुडघे सत्तरीचे. बादली, मऊ ब्रश आणि घडीचं स्टूल घेऊन मी रांगांमधून फिरत होते. सगळं गवत माझ्याच कंबरेला येऊन टेकावं म्हणून वाढलंय असं वाटायचं. पहिल्या शनिवारी मी अक्षरं दिसावीत म्हणून दगडावर खडू घासायला गेले, तर राखणदार लांबूनच ओरडत आला. खडू दगडाच्या छिद्रांत बसतो म्हणे, निघत नाही. मग त्याने खिशातून दाढीचा आरसा काढला, उन्हाची तिरीप बाजूने दगडावर पाडली, आणि जिथे मला काहीच दिसत नव्हतं तिथे पणजोबांचं नाव उमटलं. ताई, समोरून बघितलं की झिजलेलं दिसत नाही, बाजूने बघायचं, एवढं सांगून तो आरसा माझ्याकडे ठेवून निघून गेला. कंटाळले होते, तरी त्या क्षणी बरं वाटलं, हे कबूल करते.

पणजोबा, पणजी, दोन चुलत आजोबा, आजोबा, आजी, आई. असं करत दहा झाली. चौथ्या शनिवारी मी कचेरीत गेले तेव्हा आता आपण सुटलो अशाच समजुतीत होते. कारकुनाने जुनी वही काढून आमच्या आडनावावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, मॅडम, तुमच्या आडनावाचं अजून एक आहे, मागच्या भिंतीकडे, रांग एक्केचाळीस. पण ते तुमचं नसावं.

मी वही स्वतःकडे फिरवून घेतली. नाव आत्याचं होतं. बाबांची बहीण, जिच्याबद्दल आमच्या घरात एकच वाक्य बोललं जायचं, ती लांब गेली. चोपन्न वर्षांपूर्वीची नोंद होती. नोंद करणाऱ्याचं नातं: शेजारी. शेरा: नातेवाईक नाहीत. आणि खाली सही. नाव वाचता येत नव्हतं, पण सहीखालची ती आडवी रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबं मी माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं बघितली होती. बाबांची सही.

कारकून माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. वहीत नातेवाईक नाहीत असं लिहिलंय म्हणजे नाहीत, एक तारखेला ती रांग जाणार. ज्याने नोंद केली तो हयात असेल तर दुरुस्ती त्यानेच समोर येऊन करायची, दुसऱ्या कुणाची सही चालणार नाही. मी भाची आहे हे मी त्याला तीनदा सांगितलं. त्याने तीनदा मान डोलावली.

एक्केचाळिसावी रांग बघून आले. दगड नव्हताच, नंबराची लोखंडी पट्टी होती, तीही वाकलेली. आरसा काढण्यात अर्थ नव्हता. तिथे काही लिहिलेलंच नव्हतं, तर झिजणार काय? तरी मी पट्टीवरची माती पुसली. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींसाठी अंगात त्राण नव्हतं.

बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. आमच्याकडेच राहतात. संध्याकाळी त्यांच्या औषधाच्या गोळ्या काढून देताना मी विचारलं, आत्या कुठे गेली होती? त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, आणि लांब, म्हणाले. मी म्हटलं, लांब म्हणजे एक्केचाळिसावी रांग का? त्यानंतर ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. धाकट्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला की त्याच्या तक्त्यात दहाच ओळी आहेत, आणि म्हाताऱ्या माणसाला आता कशाला उकरायचं. पुसणारी मी, धुणारी मी, आणि शहाणपण शिकवणारा हा. मी फोन ठेवून दिला.

चौथ्या दिवशी भाजी निवडत होते, तर बाबा समोर येऊन बसले आणि आपणहून सांगू लागले. आजोबांची लाकूड कापायची गिरणी होती. एका कामगाराचा हात करवतीत गेला. कोर्टात प्रश्न एवढाच होता की पात्यावर झाकण होतं की नव्हतं. बाबा आणि आत्या, दोघंही गिरणीत काम करायचे, दोघांनाही साक्षीला बोलावलं. बाबा म्हणाले, झाकण होतं. आत्या म्हणाली, नव्हतं, कधीच नव्हतं. त्याच दिवशी आजोबांनी तिला घराबाहेर काढलं. ती आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत आठ वर्षं राहिली आणि तिथेच तापाने गेली. घरमालकिणीने बाबांना गुपचूप निरोप पाठवला. तेव्हा कचेरीतल्या वह्या आजोबांच्या उठबशीतला माणूस तपासायचा, भाऊ लिहिलं असतं तर आजोबांना कळलं असतं, म्हणून बाबांनी शेजारी असं लिहिलं.

"दोन गल्ल्या," मी म्हटलं. "आणि मला वाटायचं ती परदेशी गेली."

"मी रोज त्या गल्लीवरून जायचो," बाबा म्हणाले. "वर बघायचो नाही."

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. चिडले नाही. त्यांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. मी फक्त सांगितलं की महिना संपायला पाच दिवस उरलेत, कचेरीला चौदा पायऱ्या आहेत आणि मी त्यांना उचलू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ते बूट घालून खुर्चीत बसले होते. डाव्याच्या जागी उजवा बूट होता, तेवढा मी बदलला.

चौदा पायऱ्यांना आम्हाला वीस मिनिटं लागली. राखणदाराने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. कारकुनाने दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकवला. नात्याच्या रकान्यात बाबांनी भाऊ लिहिलं. तेवढ्या दोन अक्षरांना त्यांनी बराच वेळ घेतला. मग कारकुनाने खालच्या रकान्यावर पेन टेकवलं. चुकीच्या नोंदीचं कारण. बाबांनी पेन टेबलावर ठेवलं.

"आजोबा, त्यात काही नाही," कारकून म्हणाला. "सगळे नजरचूक लिहितात. तुम्हीही लिहा, मी शिक्का मारतो."

"नजरचूक नव्हती," बाबा म्हणाले आणि लिहू लागले. हाताने कागद झाकून लिहीत होते, परीक्षेला बसल्यासारखे. झाल्यावर त्यांनी सही केली. आडवी रेघ आली, टिंबं द्यायची राहिली, मग आठवण होऊन तीही दिली.

अर्जाच्या तळाशी साक्षीदाराच्या सहीची जागा होती. कारकुनाने मला पेन दिलं. मी सवयीने सही करायला वाकले, चार शनिवारांत मी त्या कचेरीत न वाचता किती कागदांवर सह्या केल्या असतील याला गणती नाही. बाबांनी माझं मनगट धरलं.

"आधी वाच," ते म्हणाले. "वाचल्याशिवाय साक्षीदार होऊ नकोस."

मी वाचलं. कारणाच्या रकान्यात वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, करवतीवर झाकण नव्हतं.

कारकुनाने अर्ज स्वतःकडे वळवून दोनदा वाचला. कसली करवत, काय झाकण, त्याला काहीच उमगलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि खाली सही केली.