पोळ्याच्या दिवशीचा आसूड

मित्रांनो, भिऊ नका. मी एक जुना आसूड आहे खरा, पण कुणाच्या पाठीवर कडाडायचे माझे दिवस आता संपले. माझ्या वादीला लाखेची मोहोर लागली आहे आणि परभणीच्या कोर्टातल्या एका कपाटात मी धूळ खात पडलो आहे.

सोनपेठच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. बाभळीचा दांडा, त्याच्या टोकाला पितळेचं कडं आणि तेल पाजून मऊ केलेली चामड्याची वादी. काय माझा रुबाब होता म्हणून सांगू! झरी गावच्या आबासाहेबांनी मला हवेत एकदा वाजवून पाहिलं आणि खूश होऊन घरी नेलं.

आबासाहेबांचा बैलांवर भारी जीव. मला ते नुसतं हवेत वाजवायचे, बैलाच्या अंगाला कधी लावायचे नाहीत. गावात त्यांचं कौतुक व्हायचं. पोळ्याला बैलांबरोबर मलाही हळदकुंकू लागायचं, आणि त्या दिवशी तर मला बैलावर उगारणंसुद्धा पाप.

अशाच एका पोळ्याला त्यांचा लहानगा मुलगा नागेश बैल धरून मारुतीच्या पारापाशी उभा होता. ताशाच्या आवाजानं बैल बुजला, नागेशच्या हातून कासरा सुटला आणि बैलाचं बाशिंग चिखलात पडलं. आबासाहेबांचं डोकं फिरलं. बैलाला तर मारायचं नाही! मग त्यांनी सगळ्या गावासमोर मला नागेशच्या पाठीवर ओढलं. पुन्हा ओढलं.

"ऱ्हाऊ द्या आबासाहेब, बैलं बुजायलेत," एवढंच कुणीतरी म्हणालं. पोराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काही जण हसलेसुद्धा. माझा जीव तुटत होता, पण माझं कोण ऐकणार! आणि तो मार पहिला नव्हता, शेवटचाही नव्हता.

वर्षं गेली. आबासाहेब वारले, दारात ट्रॅक्टर आला आणि मी खुंटीला टांगलेला राहिलो. बैलजोडी मात्र नागेशनं विकली नाही. बापासारखाच तोही बैलांना जीव लावायचा.

गेल्या पोळ्याला पूजेसाठी मला खुंटीवरून काढलं होतं. मला हातात घेऊन नागेशचा सालगडी परमेश्वर बैल वेशीकडे नेत होता. बैल अडला. उशीर होत होता म्हणून परमेश्वरनं मला सपकन बैलाच्या पाठीवर मारलं.

"पोळ्याच्या दिशी बैलाला मारायलास व्हय रं?" नागेश ओरडला. त्यानं मला हिसकावून घेतलं आणि दांड्यानं परमेश्वरला मारतच सुटला. पितळी कडं कानशिलावर बसलं. परमेश्वर पुन्हा उठला नाही. बैलांना भरवायचं पुरणपोळीचं ताट परमेश्वरच्या बायकोच्या हातात तसंच राहिलं.

नागेशनं गुन्हा नाकारला नाही. मानसशास्त्र शिकलेल्या राजेश्री मॅडम तुरुंगात त्याच्याशी बोलायला जात. त्यांनी कोर्टात सांगितलं, "तो म्हणतो, मला सुटायचं न्हाई. माझ्या आईनं एकदा म्हणावं, तुला मारलं ते चुकलं. बस." मग त्या म्हणाल्या, "मुलाला मारूनच शिकवलं, तर राग आला की काय करायचं, हेही ते मारातूनच शिकतं. मार खाल्लेला प्रत्येक जण खून करत नाही. नागेशची बहीणही मार खायची, पण तिला जवळ घेणारी आत्या होती. नागेशला कुणी नव्हतं. हे मी कारण सांगते आहे, त्याच्यासाठी माफी मागत नाही."

मग नागेशची आई, धुरपताबाई, साक्षीला उभी राहिली.

"आजी, तुमच्या घरात मारहाण व्हायची का?" नागेशच्या वकिलांनी विचारलं.

"न्हाई साहेब. आमचे मालक लय देवमाणूस. बैलाला कधी बोट लावलं न्हाई त्यांनी."

"आणि नागेशला?"

म्हातारी गोंधळली. "त्ये तर लेकरू हाय. लेकराला बाप मारणारच की."

आरोपीच्या पिंजऱ्यातून नागेश तिच्याकडे डोळे लावून बघत होता. त्यानं मान खाली घातली.

वकिलांनी मला तिच्यासमोर धरलं. "हा आसूड ओळखता?"

"वळखते की. मालकाचा हाय." आणि दर पोळ्याच्या सवयीनं धुरपताबाईंनी पदर सावरला आणि मला हात जोडले.

मित्रांनो, आजवर मी कितीदा पुजला गेलो, पण त्या नमस्काराची मला शिसारी आली. तुमच्या घरात माझ्यासारखं काही खुंटीला असेल, तर त्याला हात जोडू नका, ते चुलीत घाला. आणि ज्याच्या पाठीवर वळ उठले आहेत, त्याला जवळ घेऊन सांगा की तुला मारलं ते चुकलं. वेळेवर सांगा. नागेश अजून ते ऐकायची वाट बघतो आहे.