भर खाडीतलं वेळापत्रक

एदेलमिराच्या घरचं वेळापत्रक कोंबड्यांनासुद्धा पाठ होतं. आठाच्या ठोक्याला पोरं अंथरुणं झटकायला लागली की कोंबड्या आपण होऊन खुराड्याबाहेर रांगेत उभ्या राहत. हे शपथेवर सांगणारे लोक आमच्या बेटावर अजून जिवंत आहेत, आणि त्यातले दोघे तर दारूही पीत नाहीत.

भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं. आठ: अंथरुणं, पाणी, कोंबड्या. नऊ: गणित. दहा: बटाटे किसणे. अकरा: भूगोल. बारा: जमीन पुसणे. एक: जेवण. पोरं तीन. रोसामेल नऊ वर्षांचा, नोल्फा सात वर्षांची, आणि उबाल्दो चार वर्षांचा. उबाल्दोला वाचता येत नव्हतं, पण वेळापत्रक मोडलं की सगळ्यात मोठ्याने बोंब तोच मारायचा.

बेटावरची शाळा बंद पडली होती, कारण तिच्यात उरली होती फक्त हीच तीन पोरं. शिक्षणखातं म्हणालं, मोठ्या बेटावरच्या वसतिगृहात पाठवा; रविवारी न्या, शुक्रवारी आणा. एदेलमिरा म्हणाली, ‘‘माझी पोरं म्हणजे दुधाची बरणी आहे का, नेली आणि आणली?’’ आणि स्वतःच शिकवायला बसली. खात्याने अट घातली: वर्षातून एकदा तपासनीस बाई येतील, दिवसभर बसतील. नेमलेल्या वेळी नेमलेला तास चाललेला दिसला नाही, तर पोरं वसतिगृहात.

त्या वर्षी डोंगर खचत खचत मागच्या भिंतीला येऊन टेकला होता. स्वयंपाक झाला का, असं विचारत खिडकीतून डोकावायचाच काय तो बाकी होता. तेव्हा नवऱ्याने, बेलार्मिनोने, घर हलवायचं ठरवलं. आमच्याकडे माणसं घर सोडून जात नाहीत, घर घेऊन जातात. सगळा गाव बैल घेऊन येतो, लाकडी घर ओंडक्यांवर चढवतो, किनाऱ्यापर्यंत ओढतो, मग होड्यांना बांधून पलीकडच्या काठाला नेतो. ह्याला मिंगा म्हणतात. मजुरी कोणी घेत नाही. पोटभर जेवण मात्र द्यावं लागतं, आणि आमच्या लोकांचं पोट भरणं म्हणजे काय, ते ज्याने भरलंय त्यालाच विचारावं.

मिंगा उधाणाच्या दिवशीच होते. पाणी वर्षातून एकदाच तेवढं चढतं, आणि भरती काही कोणाच्या सासऱ्याची नोकर नाही. नेमकं आदल्या संध्याकाळी टपालहोडीने पत्र आणलं, अकरा दिवस उशिरा: ‘तपासनीस उद्या सकाळी येत आहेत.’

‘‘आता गं?’’ बेलार्मिनोने डोकं खाजवलं.

‘‘आता काय? तू घर ओढ, मी शाळा घेते.’’

‘‘अगं बाई, मिंगाच्या दिवशी घर रिकामं करतात! दारं-खिडक्यासुद्धा काढून ठेवतात!’’

‘‘मग पाव्हणीला काय अंगणात भूगोल दाखवू? आणि अंगणही मागेच राहणार. एक खिळा हलवायचा नाही. चाळीस माणसांच्या बटाट्याच्या भाकऱ्या चुलीवर कोण भाजणार, तुझी मावशी?’’

मावशीचा विषय निघाला की बेलार्मिनो दोर तपासायला निघत असे. तो निघाला.

सकाळी नऊ वाजता वीस बैलजोड्यांनी हिसका दिला आणि घर निघालं. आत रोसामेल सत्तावीसचा पाढा म्हणत होता. दर हिसक्याला त्याचा एक आकडा निसटायचा आणि एदेलमिरा तो चिमट्याने पकडल्यासारखा परत आणायची. ‘‘सत्तावीस साते?’’ ‘‘एकशे... अरे देवा... एकोणनव्वद!’’ बाहेरच्या गड्यांनीही ताल धरला. त्या दिवसापासून आमच्या बेटावरच्या वीसही जोड्या सत्तावीसच्या पाढ्याखेरीज नांगर ओढत नाहीत.

तपासनीस एउफेमियाबाई साडेनऊला उतरल्या. बारीक, ताठ, टोपीला पीस. मागे एक होडीवाला त्यांची पत्र्याची पेटी घेऊन. पत्ता हुडकत त्या चढण चढल्या तर तिथे घराच्या जागी चार दगड आणि एक गोंधळलेलं मांजर. घर खाली किनाऱ्याकडे चाललं होतं, धुराड्यातून धूर सोडत. बाईंनी उभ्या आयुष्यात पळून जाणारी पोरं पाहिली होती. पळून जाणारी शाळा पहिल्यांदाच पाहिली. त्या टोपी धरून धावल्या. दहाला दोन मिनिटं असताना दाराशी पोचल्या.

‘‘या बाई, या!’’ एदेलमिराने दारातून हात दिला. ‘‘पायरी मागे राहिलीय, सांभाळून.’’

‘‘सेन्योरा, हे काय चाललंय?’’

‘‘गणित संपत आलंय.’’

दहा वाजले. उबाल्दोने पाहुणीच्या हातात किसणी दिली. बाई म्हणाल्या, ‘‘बाळा, मी तपासायला आलेय.’’

‘‘दहा वाजले की सगळे किसतात,’’ उबाल्दो म्हणाला. ‘‘बाबापण.’’

‘‘मी तुझ्या बाबांसारखी नाही.’’

‘‘बाबापण असंच म्हणतात. मग किसतात.’’

बाईंनी किसले. आणि त्या किसत असतानाच जमीन अलगद हलकी झाली, हिसके थांबले, आणि खिडकीतून दिसणारा किनारा मागे सरकायला लागला. घर पाण्यावर होतं. उतरायची सोय संपली होती.

अकराला भूगोल सुरू झाला: ‘आपलं घर आणि परिसर यांचा नकाशा काढा.’ नोल्फा खिडकीशी कागद घेऊन बसली. साडेअकराला बाईंनी पेटीतून छापील प्रश्नपत्रिका काढली.

‘‘आत्ता भूगोल आहे,’’ एदेलमिरा म्हणाली.

‘‘आणि खातं मी आहे,’’ बाई म्हणाल्या. किसणीचा सूड त्यांना कुठेतरी उगवायचाच होता. ‘‘मुला, ऐक. एका हौदात एका नळाने पाणी येतं—’’

‘‘हौद कशाला, बाई?’’ रोसामेल म्हणाला. ‘‘हे बघा की.’’

दाराच्या चौकटीवर त्याने खडूच्या रेघा मारल्या होत्या. फळ्यांच्या फटींतून पाणी आत येत होतं. बाईंचे बूट भिजले होते. त्यांना वाटलं होतं बटाट्यांचं पाणी आहे.

‘‘दर दहा मिनिटांना दोन बोटं चढतंय. चुलीच्या विस्तवाला बारा बोटं बाकी. आत्ता अकरा चाळीस झालेत, म्हणजे बारा चाळीसला चूल विझणार. बाबा म्हणालेत, काठ लागायला एक वाजून दहा. अर्धा तास कमी पडतोय.’’

बाईंनी उत्तर पडताळलं. बरोबर होतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बरोबर आहे म्हणजे काय, आणि त्या खुर्चीवर चढल्या.

एदेलमिराने मात्र दुसराच हिशेब मांडला. चूल विझली तर चाळीस माणसं उपाशी, ते एक वेळ चाललं असतं. शिव्या देऊन गेली असती. पण भूगोलाच्या तासाला भूगोल टाकून पोरं पाणी उपसताना बाईंनी पाहिली, तर रविवारी न्या आणि शुक्रवारी आणा. तिने घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच मिनिटं होती.

‘‘आई, उपसू?’’ रोसामेल कळवळून म्हणाला.

‘‘बाराला जमीन पुसायची असते,’’ एदेलमिरा दात आवळून म्हणाली. ‘‘नोल्फा, नकाशा संपव.’’

ती पाच मिनिटं आमच्या खाडीत आजवर कोणी काढली असतील त्यांत सगळ्यात लांब. पाणी एक बोट चढलं. कोंबड्या टेबलावर चढल्या. घड्याळाने पहिला ठोका दिला आणि सगळं घर तुटून पडलं. भांडी, पातेली, उबाल्दोची टोपी, जे हाताला लागेल ते. कोनाड्यातून लाकडी संत अंतोनियो बाहेर काढला, त्याच्या जागी बाईंचे कागद सुके ठेवले, आणि नोल्फाने संताच्या हातात वाटी बांधली. फुकट मेणबत्त्या घेतो, आज त्यानेही थोडं करावं. बाईंनी क्षणभर विचार केला, रिकामी झालेली पत्र्याची पेटी उचलली, आणि खात्याच्या मालकीचं ते भांडं पाच पातेल्यांना भारी ठरलं.

‘‘रोज इतकी जमीन पुसता?’’ त्यांनी धापा टाकत विचारलं.

‘‘शनिवारी जास्त,’’ एदेलमिरा म्हणाली.

एक वाजून दहाला घर पलीकडच्या वाळूला लागलं. चुलीत विस्तव होता, दोन बोटं राखून. एउफेमियाबाईंनी ओल्या हातांनी नऊ भाकऱ्या खाल्ल्या, सफरचंदाच्या दारूचा एक पेला घेतला, मग पहिला मोजायचा राहिला म्हणून आणखी एक, आणि फॉर्म भरायला बसल्या. गणित: उत्तम. गृहकृत्य: उत्तम. वक्तशीरपणा, इथे त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई, तुम्ही माणूस आहात की भोंगा?’’ आणि लिहिलं: उत्तम.

मग लेखणी अडली. ‘‘शिकण्याचं ठिकाण. इथे पत्ता लागतो. हा रकाना रिकामा राहिला तर फॉर्म बाद.’’

‘‘सकाळचाच घाला,’’ बेलार्मिनो म्हणाला.

‘‘तिथे घर नाही.’’

‘‘मग इथला.’’

‘‘इथे अजून एकही तास झालेला नाही. खोटं कसं लिहू?’’

एदेलमिराने हातातला पेला खाली ठेवला. एवढं पाणी उपसलं आणि आता एका चौकोनात बुडायचं?

नोल्फाने नकाशा पुढे केला. डावीकडे एक किनारा, उजवीकडे दुसरा, मध्ये लाटा, आणि लाटांवर धूर सोडणारं घर. दारात टोपीवाली बाई.

‘‘मी बरोब्बर अकरा ते बारा काढलाय,’’ ती म्हणाली. ‘‘आहोत तिथलंच काढायचं, असं आई म्हणते.’’

बाईंनी नकाशा बराच वेळ पाहिला, टोपीचं पीस जरा लांब काढलंय म्हणाल्या, आणि रकान्यात लिहिलं: ‘खाडीच्या मधोमध. नकाशा सोबत.’ शिक्का मारला.

खात्याचं एक चांगलं असतं: एकदा लिहिलेलं ते बदलत नाही. अजूनही एदेलमिराची पत्रं त्याच पत्त्यावर येतात. टपालहोडीवाला महिन्यातून एकदा खाडीच्या मधोमध थांबतो, शिंग फुंकतो आणि तोंडाने खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. रोसामेल वल्ही मारत जाऊन पत्र घेऊन येतो. वेळापत्रकात आता त्याचीही नोंद आहे. दोन ते अडीच: व्यायाम.