कुकरच्या शिट्टीसकट आत्मा

मानपाडा रोडवरच्या वासंतीकाकूंच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टीपॉयवर भगव्या कापडाखाली गुरुदत्तकाकांचा लॅपटॉप. काका वारले तरी तो बोलतो, अशी बातमी सगळ्या सोसायटीत पसरली होती. विश्राम महाराजांनी कापडाखाली हात घालून अंगारा लावला.

"आत्मा अमर, नेटवर्क अखंड! बोला, गुरुदत्तजी!"

"वासंती, ऐकतेस ना गं?" लॅपटॉप बोलला. मागोमाग कुकरची शिट्टी.

"ऐकतेय हो!" काकूंना हुंदका आवरेना.

"'महाराजांचं ऐक' म्हणतायत ते," महाराजांनी लगेच अर्थ लावला. "हृदयाच्या गोळ्या अजून बंदच ठेवा. फक्त अंगारा."

शेजारच्या मायाताईंनी हात जोडले. दाराशी उभ्या, सोसायटीतल्याच क्षिप्राची मान खाली गेली. मागच्या गुरुवारीही तिने हा आवाज ऐकला होता, ओळखला होता. तरी फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली ही मुलगी गप्प बसली, कारण काका गेल्यापासून काकू पहिल्यांदाच हसल्या होत्या. आज टीव्हीजवळ गोळ्यांची पाकिटं तशीच पडली होती, आणि काकूंना बसल्या जागी धाप लागत होती.

"महाराज, कापड काढा."

"मुली, तेज सहन होणार नाही."

"स्क्रीनचं? होईल की."

तिने कापड ओढलं आणि कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं, काहीच चित्र नसलेलं बटण दाबलं. "वासंती, ऐकतेस ना गं?" शिट्टी. पुन्हा दाबलं. तेच वाक्य, तीच शिट्टी.

"अहो, वर पण कुकर लावतात?" मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"काकू, हे मी केलंय," क्षिप्रा म्हणाली. "काकांना नवी सिस्टीम टाकून दिली, तेव्हा आवाजाची, उजेडाची बटणं चालेनात. बटण दाबलं की एक नंबर जातो. त्याचं काय करायचं ते सिस्टीमला शिकवावं लागतं. या बटणाला कामच नव्हतं. काका म्हणाले, 'माझी हाक दे त्याला, तुझी काकू सिरियलमध्ये गुंग असते.' रेकॉर्ड केलं तेव्हा किचनमध्ये कुकर चालू होता. अंगारा लावताना यांच्या बोटाला ते सापडलं."

"यंत्रदोष!" महाराज कापडाची घडी घालू लागले.

काकू क्षिप्राकडे बघत होत्या. "मग मागच्या गुरुवारी का नाही बोललीस?"

"तुम्ही हसलात, म्हणून."

काकूंनी स्वतः बटण दाबलं. शिट्टी संपेपर्यंत ऐकलं.

"आवाज त्यांचाच ना?"

"त्यांचाच. तेव्हाचा."

"मग बटण राहू दे. आणि पाणी आण, गोळी घ्यायचीय."

चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी कापड उचलून बघा. आणि कापडाखाली काय आहे हे माहीत असेल, तर पुढच्या गुरुवारची वाट बघू नका.