वाढत्या अंगाचं हेल्मेट

वाढत्या अंगाच्या पोरीला काहीही घ्यायचं ते एक माप मोठंच, हा त्या घरातला कायदा होता. भिंगरीचे बूट पुढे कापूस कोंबून दोन-दोन वर्षं चालत, फ्रॉकची दुमड दर वर्षी थोडी उसवली जाई. म्हणून सायकलच्या शर्यतीसाठी हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारं हेल्मेट आणलं, तेही एक माप मोठंच. ते सैल पडतंय म्हटल्यावर आईने आतून स्पंज शिवला. शिवताना सुई दोनदा बोटात घुसली.

बीएमएक्स हा शब्द घरात आला आणि आईच्या जिवाला घोर लागला. मातीच्या उंचवट्यांवरून आठ मुलं एकदम छोट्या सायकली दामटणार, आणि त्यात आपली नऊ वर्षांची! काय-काय मोडतं ते तिने सगळं वाचून काढलं होतं: मनगट, गळ्याचं हाड, पुढचे दात. मग पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आला, साखळीत न अडकणारी पँट आली, सगळी बोटं झाकणारे हातमोजे, कोपर-गुडघ्यांचे पॅड, सपाट तळाचे बूट. नवरा म्हणाला, पोरीला आता फक्त तलवार द्यायची राहिली. ती हसली नाही.

रविवारी सकाळी नवशिक्यांची पहिली शर्यत होती. शिकवणाऱ्या मॅडम एकेका मुलाचं सामान तपासत होत्या. भिंगरीला त्यांनी मूठ वळायला लावली, उकिडवं बसवलं. पॅड जागचे हलले नाहीत. आईला जरा धीर आला.

मग त्यांनी मान हलवायला सांगितलं. भिंगरीची मान डावी-उजवीकडे फिरली, हेल्मेट मात्र समोरच बघत राहिलं. मॅडमनी ते मागून वर ढकललं, तसं ते पोरीच्या डोळ्यांवर उतरलं आणि आतला स्पंज मातीत पडला.

हे कोणी शिवलं, असं त्यांनी विचारलं. वाढतं अंग आहे म्हणून, एवढंच आईला बोलता आलं.

"ताई, फ्रॉक मोठा असला तर पायात येतो. हे मोठं असलं तर पडायच्या वेळीच डोक्यावरून निघून जातं."

महिनाभर ती उंचवट्यांना भीत होती, दुसऱ्यांच्या पोरांना भीत होती. आपल्या सुईदोऱ्याला भ्यायचं तिला सुचलंच नव्हतं.

मॅडमनी आतून दुसरं हेल्मेट आणलं. नवंच होतं, एकदा आपटलेलं त्या कुणाला देत नसत. ते चढवल्यावर भिंगरीचे गाल वर आले. "आता तुम्ही ओढून बघा," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसलंय म्हणालात तरच सोडेन तिला."

आईने दोन्ही हातांनी हेल्मेट धरलं. नुसतं 'सैल आहे' म्हटलं की पोरगी घरी. आता कुणी शंकाही घेतली नसती. ते शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की भिंगरीने मान ताठ धरलीय. हेल्मेट हलू नये म्हणून कार्टी श्वास रोखून उभी होती.

"मान सैल सोड," आई म्हणाली. "मला खरं कळू दे."

पोरीने मान सोडली. आईने ओढलं, पिळलं, मागून उचललं. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी सरकली, पण हेल्मेट सुटलं नाही. तिने पुन्हा एकदा, जीव खाऊन ओढलं.

"बसलंय," ती म्हणाली.

सायकली अडवून धरणारं सुरुवातीचं फाटक खण्णकन पडलं. धुळीत सगळी हेल्मेटं सारखीच दिसत होती. दुसऱ्या उंचवट्यावर एक सायकल आडवी झाली आणि एक डोकं मातीवर आपटलं. आईने कुंपणाची जाळी घट्ट धरली. पडलेलं पोर उठून बसलं, हेल्मेट जागच्या जागी. मग त्याने आधी डावा गुडघा झटकला, भिंगरी पडल्यावर दर वेळी झटकते तसाच, आणि आपलीच ती, हे तिला कळलं.

भिंगरीने सायकल उभी केली आणि तिच्यावर टांग टाकली. आईने जाळी सोडली नाही.