बरोबर म्हणेपर्यंत

आमच्या कंपनीत शिफ्ट बदलताना एक नियम आहे. जाणाऱ्याने येणाऱ्याला चार्ज द्यायचा: मशीन कसं चाललंय, काय अडलंय, डोळा कशावर ठेवायचा. येणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत म्हणायचं. जाणारा 'बरोबर' म्हणाला की मगच वहीत सही. सात वर्षं तारापुरात ऑपरेटर आहे मी, झोपेतही म्हणून दाखवीन. हा नियम घरी न्यायची अक्कल मात्र मला माझ्यानंतरच्या शिफ्टच्या देवूने दिली.

झालं असं, माझी बायको सुगंधा दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. गेल्या सोमवारी ती सुपरवायझर झाली. सालवडच्या आमच्या चाळीत ती पेढे वाटत होती, आणि मी नागोराव, नांदेडचा दीडशहाणा, सगळ्यांसमोर म्हणालो, "खोकी मोजायला कशाला हवा सुपरवायझर?" शेजारी हसले. सुगंधाने पेढ्यांचा बॉक्स बंद केला आणि तोंडही. मग चार दिवस लेकीकडून निरोप. "वैभवी, बाबांना सांग, पोळ्या डब्यात आहेत."

घर खायला उठलं होतं. शुक्रवारी त्याच तंद्रीत मी देवूला "सगळं ओके" म्हणून निघालो. देवू मासवणचा, कामापुरतं बोलणारा. त्याने माझी बाही धरली.

"नागोभाऊ, पट्टा सरकतोय तो मला हितून दिसतो. तुमी सांगत नाय. काय झालाय?"

मी पट्ट्याचं सांगितलं, आणि सांगता सांगता घरचंही सांगून बसलो.

"मंग तिचा चार्ज घ्या पयला," तो म्हणाला आणि मशीनकडे वळला.

माझी शिफ्ट तीनला सुटते, तिची चारला लागते. घरी पोचलो तेव्हा ती नवं ओळखपत्र गळ्यात घालत होती. मी वैभवीचं वही-पेन उचललं.

"सुगंधा, चार्ज दे. काय अडलंय ते सांग, मी परत म्हणतो."

तिने घड्याळाकडे पाहिलं, मग चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे. "माझा आनंद तुम्हाला बघवला नाही. म्हणा आता."

"तुला माझी गंमत लागली."

"चूक. परत."

"चारचौघांत बोलायला नको होतं."

"चूक."

पलंगावर बसलेली वैभवी आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. खरं ते गिळून टाकायची मला जुनी सवय, पण सही तर हवी होती.

"मी सात वर्षं ऑपरेटरच राहिलो, तू तीन वर्षांत सुपरवायझर झालीस. मला हेवा वाटला. म्हणून तुझं काम लहान केलं."

तिने माझ्या हातातली वही घेतली. मग "बरोबर" म्हणाली आणि सही केली. डोळे भरले होते, तरी हसत होती. माझ्या छातीवरची धोंड उतरली.

तिला स्कूटरवरून कंपनीच्या गेटपर्यंत सोडलं. वाटेत तिने आता तिच्या हाताखाली आलेल्या बायकांची नावं सांगितली, मी प्रत्येक परत म्हटलं. एक चुकलो, तिने पाठीत चापट मारली. इतका आनंद मला माझ्या पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

येताना बोईसरहून ताजे पेढे घेतले. चाळीतलं पहिलं दार दीपावहिनींचं.

"घ्या वहिनी. आमची सुगंधा सुपरवायझर झाली."

"अहो, ते सोमवारीच कळलं की."

"ते तिच्याकडून," मी म्हणालो. "आज माझ्याकडून."