नाव मागाहून

माझ्या सासरी एक रीत आहे आणि तिने मला पुरतं वैतागवून सोडलं आहे. दारात आलेला माणूस पोटभर जेवेपर्यंत त्याला नाव, गाव, काम काही म्हणजे काही विचारायचं नाही. माझे सासरे दापोलीकडे ती पाळायचे. तिथे अंगण होतं, माणसं होती. आमचे हे, ताहिर, ती इथे आखातात, अरादच्या दोन खोल्यांत पाळतात आणि राबते मी.

त्या ऑगस्टात जुम्म्याच्या नमाजनंतर बेल वाजली. दारात एक तरणा माणूस, घामाने निथळलेला, हातांना ग्रीस, अंगात अस्करकडच्या कारखान्यांतल्या कामगारांचा निळा ओव्हरऑल. सलाम करून तो काही सांगायला गेला, तोवर ताहिरनी त्याला आत ओढलं.

"बसा. आधी पाणी घ्या. बोलू मागाहून."

अस्करचा माणूस म्हटल्यावर मी हातातलं काम टाकून पुढे आले. माझा धाकटा भाऊ तौकीर तिकडेच होता. ताहिरनी आपल्या अरब मालकाच्या मिनतवाऱ्या करून त्याचा व्हिसा मिळवला होता आणि हा शहाणा काही महिन्यांत न सांगता दुसऱ्या कामावर निघून गेला. अरबापुढे ताहिरची मान खाली गेली. या घराचं दार आता त्याला बंद, असं ते म्हणाले. दोन वर्षं मी भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. याला एकदा विचारलं असतं, तौकीरला ओळखता का, तर काय आकाश कोसळणार होतं? पण मी तोंड उघडताच ताहिरनी डोळे वटारले.

पाहुण्याला न्हाणीघर दाखवलं, ताहिरचा धुतलेला सदरा दिला. आमची आतिका इंग्रजी शाळेत ग्रीकांचं महाकाव्य शिकत होती. ती पुस्तक घेऊनच आली. "मम्मी, ग्रीक्स डिड एक्झॅक्टली धिस!" दमलेला परका आला की आधी अंघोळ, मग जेवण, मग नाव, भिकाऱ्याच्या वेशात देवही असू शकतो म्हणे. मी म्हटलं, त्या ग्रीकांच्या बायकांना कुणी विचारलं होतं का? जा, दस्तरखान घाल.

हामूर माशाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. पाहुणा बसला, पण त्याची नजर सारखी दाराकडे.

"भाईजान, ते बाहेर..."

"बाहेर ऊन आहे, ठाऊक आहे. भाकरी घ्या."

तो पुन्हा काही बोलू लागला, ताहिरनी त्याच्या ताटात तुकडी टाकली. शेवटी बिचाऱ्याने हार मानली आणि भुकेला माणूस जेवतो तसा जेवला. पातेल्याचा तळ दिसला. माझ्या वाट्याची तुकडीही गेली.

हात धुऊन झाले तेव्हा कुठे ताहिर म्हणाले, "हां, आता सांगा."

"मी मुनाफ. तौकीरचा दोस्त. पिकअप बंद पडली, ढकलत आणली. तो खाली बसलाय. म्हणाला, वर येऊ का, भाईजानना एवढं विचारून ये."

मला ओरडावंसं वाटलं. ओरडायला वेळ नव्हता. मी तशीच जिने उतरले. तौकीर पिकअपच्या सावलीत बसला होता, गाल बसलेले, डोळे लाल. मला बघून उठला.

"इतका वेळ लागला, आपा. म्हटलं, नकोच म्हणाले असतील. निघणारच होतो."

मी त्याचा हात धरून त्याला वर आणलं. ताहिर दारातच उभे होते. त्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मी तौकीरचा हात सोडला नाही.

"भाईजान, माझं चुकलं, मी..."

"आधी हात धू," ताहिर म्हणाले. "बोलू मागाहून."

घरात वाढायला काही नव्हतं. मी भात टाकला, अंडी फोडली. कुठे राहतोस, कोण रांधतं, अम्मीला खत का धाडलं नाहीस, सगळं ओठांवर आलं होतं आणि यातलं एकही विचारायची सोय नव्हती. त्या रीतीला मी मनात हव्या तेवढ्या शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, तो जेवतोय तोवर त्याला कुणी काही विचारणार नाही, ताहिरसुद्धा. मी भात वाढतच राहिले. तो पुरे म्हणाला तरी वाढला.

पातेलं रिकामं झालं. तौकीरने ताटावरून हात उचलला आणि मान खाली घालून बसला. ताहिरनी त्याच्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"महमुदा, अजून भात टाक," ते म्हणाले. "पोराचं पोट भरलं नाही."