बर्फात गुंडाळलेली देवी

रोडपालीच्या जुन्या गावात, सोनाबाईच्या मागच्या अंगणात, साठेक माणसं माना वर करून उभी होती. माघातलं ऊन चांगलंच चढलेलं. बायकांच्या डोक्यावर पदर, पुरुषांच्या हातात मोबाइल, आणि सगळ्यांचे डोळे पॉलीहाऊसच्या छपरातल्या एका खिडकीवर.

"आई आता श्वास घेणार! कोणी शिंकू नका!" बुधाजी भगत ओरडला.

खिडकीचं झाकण हललं. ना वारा, ना दोरी, ना कोणाचा हात. आधी बोटभर उचललं, मग चार बोटं, मग चांगलं वीतभर.

"उघडली गो! उघडली!" गोदू शेजारीण किंचाळली आणि तिथंच लोटांगण घालून मोकळी झाली.

"तीस वर्षं भगतकी करतो," बुधाजीनं भंडारा उधळला, "पण गावदेवीला दम घेताना पहिल्यांदा बघतोय. आईला नारळ पायजे, लिंबू पायजे, आणि कोंबडा पायजे. गावठी हां! ब्रॉयलर आणाल, तर आईला पचत नाय."

सगळ्यांच्या पुढं सोनाबाई उभी होती. नऊवारीचा काष्टा कडक, मान त्याहून कडक. पनवेलच्या मासळी बाजारात चाळीस वर्षं बसलेली बाई. तिच्यापुढं पापलेटचा भाव पाडायची भल्याभल्यांची छाती झाली नव्हती. आता देवी सगळं गाव सोडून तिच्याच परसात आली होती. यायचीच. जाणार कुठं?

खरं म्हणजे पॉलीहाऊस तिच्या सुनेचं, समृद्धीचं. सोनाबाईचा मुलगा प्रितेश बंदरात कामाला. तो पाळीवर गेला की समृद्धी आणि तिची रोपं. टोमॅटो, मिरची, झेंडू. कामोठ्याच्या बिल्डिंगांमधल्या बायका गॅलरीत लावायला तिच्याकडूनच न्यायच्या. आत फार तापायला लागलं, म्हणून तिनं छपराच्या खिडकीला बाहेरून एक काळी नळी बसवून घेतली होती. चार दिवसांपूर्वी सोनाबाईनं खिडकी आपोआप उघडताना पाहिली आणि गोदूला हाक मारली. तेव्हाच समृद्धी म्हणाली होती,

"आई, देवी नाय ती. नळीत मेण हाय. ऊन लागलं की ते फुगतं, आणि..."

"मेण?" सोनाबाई गोदूकडं बघून हसली. "घे! आमच्या घरात मेणबत्त्या खिडक्या उघडतात. उद्या काडेपेटी भाकऱ्या भाजेल."

समृद्धीनं पुन्हा सांगून पाहिलं. शेजारणीसमोर सून शिकवते हे सोनाबाईच्या नाकाला झोंबलं. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेलेली, आणि घरात याची कोणी आठवण करून दिलेली तिला चालत नसे. त्याच दुपारी तिनं बुधाजीला बोलावणं धाडलं. बुधाजी दोन दिवस नुसता येऊन बसला, ऊन कधी चढतं, खिडकी कधी हलते ते बघून गेला, आणि तिसऱ्या दिवशी अंगात आल्यासारखं घुमत त्यानं वेळ जाहीर केली. साडेअकरा.

आठ दिवस देवी वेळेवर श्वास घेत राहिली. नवव्या दिवशी सोनाबाईला वाटलं, आईला एवढ्या उन्हात तापत ठेवायचं बरं नाही. बाजारातल्या बाईला थंड ठेवायची एकच रीत ठाऊक. तिनं मासळीवर टाकायचा बर्फ आणवला, फोडून गोणपाटात भरला, नळीभोवती नीट गुंडाळला आणि वर लाल खण बांधला. सुरमईलासुद्धा कधी एवढ्या मायेनं बर्फ लावला नव्हता.

साडेअकरा वाजले. बारा वाजले. झाकण जागचं हललं नाही.

लोक कुजबुजायला लागले. बुधाजीनं एकदा सूर्याकडं पाहिलं, एकदा त्या ठिबकणाऱ्या गोणपाटाकडं. क्षणभर त्याचा चेहरा विचारी झाला. मग तो घुमायला लागला.

"विटाळ! घरात विटाळ हाय! आज आत कोण गेलं होतं?"

सकाळी रोपांना पाणी घालायला समृद्धी गेली होती. साठ माना तिच्याकडं वळल्या.

सोनाबाईला त्या वेळी एवढंच दिसत होतं, की चाळीस वर्षांचा आपला दबदबा या बंद खिडकीपाशी जातोय. ती तरातरा सुनेपुढं गेली आणि सगळ्यांदेखत तिनं विचारलं,

"तू बाहेरची हायस काय गो?"

समृद्धीनं मान खाली घातली. कोणीतरी मोबाइल वर धरला होता, तो तसाच राहिला.

"बघितलंत?" बुधाजी म्हणाला.

सोनाबाईनं पॉलीहाऊसला कुलूप घातलं. दोन दिवस रोज ताजा बर्फ स्वतः शिडीवर चढून बांधला, रोज देवीची माफी मागितली. खिडकी मिटलेली ती मिटलेलीच. समृद्धी दारापाशी येऊन एकदाच म्हणाली, "आई, मला काय बोलायचं ते बोला. पण आत झाडं शिजतायत."

"शिजू दे. तुझ्याच पायानं शिजतायत."

तिसऱ्या दिवशी दुपारी कुजका वास आला तेव्हा सोनाबाईनं कुलूप काढलं. आतली हवा भट्टीसारखी तोंडावर आली. दीड हजार रोपं ट्रेमध्ये मान टाकून पडली होती, पानं उकडलेल्या माठाच्या भाजीसारखी. बाहेर शिडीवरून बर्फाचं पाणी टपटपत होतं.

समृद्धी मागून आली. रडली नाही. शिडीवर चढून तिनं गोणपाट सोडलं, नळी काढली आणि स्वयंपाकघरात नेली. न्हाणीतलं कोमट पाणी एका टोपात घेतलं, दुसऱ्यात उरलेला बर्फ.

"तुमच्या हातानं घाला," ती म्हणाली. "माझ्या हातानं नको. माझ्या हाताला विटाळ हाय."

सोनाबाईनं नळी कोमट पाण्यात धरली. थोड्या वेळानं नळीतून लोखंडी दांडी बाहेर सरकायला लागली. सोनाबाईनं अंगठ्यानं ती दाबली. मासळीच्या टोपल्या उचललेला अंगठा तो, पण दांडी त्याला न जुमानता पुढं आली. मग बर्फात धरली. जरा वेळ गेला, आणि आता तीच दांडी अंगठ्यानं दाबली तशी मुकाट आत गेली.

"मेण गरम झालं की फुगतं, दांडीला ढकलतं, दांडी खिडकी उचलते," समृद्धी म्हणाली. "गार झालं की मेण आकसतं, खिडकी आपल्या वजनानं मिटते. तुमी बर्फ बांधलात. ती उघडणार कशी?"

सोनाबाई चुलीपाशी बसून राहिली. तिला रोपं आठवली नाहीत. तिला समृद्धीची खाली गेलेली मान आठवली, आणि तो प्रश्न स्वतःच्या आवाजात पुन्हा ऐकू आला. बाजारात तिनं कोणाची आय-माय काढायची बाकी ठेवली नव्हती, पण अशी लाज तिला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजी लवकर आला. तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला,

"सोनावयनी, आज बर्फ घालू नको. खिडकी बरोबर उघडंल. मी सांगतो, सुनेनं उपास धरला, आई शांत झाली. तुझा मान राहील, सुनेचा पण राहील."

सोनाबाईनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं."

"आता ठाऊक काय न् नाय काय! लोकांना देवी पायजे, तुला मान पायजे. मी कोणाचं वाईट करतो?"

तिला मनाशी कबूल करावं लागलं, की क्षणभर ते बोलणं तिला गोड लागलं. कोणाला काही कळलं नसतं.

साडेअकराला अंगण भरलं. सोनाबाई नळी आणि दोन टोप घेऊन पुढं आली. तिनं दांडी बाहेर काढून दाखवली, आत घालून दाखवली, आणि गोदूला अंगठा लावायला लावला. गोदू म्हणाली, "आगो, ही तर जोर करते!"

"जोर मेण करतं. देवी नाय," सोनाबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा चढत नव्हता. "या बुधाजीला ते कळलं होतं, तरी त्यानं तुमचे कोंबडे खाल्ले. पण त्याला बोलावलं मी. माझी सून पहिल्या दिवसापासून सांगत होती, मी हसले. आणि तुमच्यासमोर मी तिला विचारलं, ते बाईनं बाईला चारचौघांत विचारायचं नसतं. तिच्या पाळीनं खिडकी मिटली नव्हती. माझ्या बर्फानं मिटली होती. झाडं मी मारली."

बुधाजी भंडाऱ्याची पिशवी उचलून चालायला लागला. कोणी अडवलं नाही.

"मग देवीचं काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"देवळात हाय, तिथं जा नि पाया पड. पण डोळ्यासमोर काय नवल घडलं, तर आधी हात लावून बघ. उघडून बघ. ठाऊक असंल त्याला विचार, मग ती तुझी सून का असेना. विचारायला लाज नाय वाटायला पायजे. न विचारल्याची वाटते. मला वाटते."

लोक पांगले. समृद्धी आत खाली बसून मेलेली रोपं ट्रेमधून उपटत होती. तिनं वर पाहिलं नाही. सोनाबाई तिच्या शेजारी मातीत टेकली आणि दुसरा ट्रे पुढ्यात ओढला. दोघी रोपं उपटत राहिल्या.

"ते मेण," शेवटी सोनाबाई म्हणाली, "गरम झालं की फुगतं कशापायी? मला तेवढं नाय कळलं. परत सांग."

समृद्धीनं हातातलं रोप बाजूला ठेवलं. मग, तिच्याकडं न बघताच, सांगायला लागली.